दोन एम.ए. आणि एक दिवा

आता काकूंना स्वतंत्र खोली आहे. दाताच्या दवाखान्याला लागूनच, दोन खुर्च्या आणि एक खिडकी मावेल एवढी, दारावर 'समुपदेशक' अशी छोटी पाटी. काकाही नोकरीतून मोकळे झाले आहेत. नवीन ओळखीचं कुणी "या वयात दोघांनी एम.ए. केलंत म्हणजे कमालच," असं म्हणालं की काका विनयाने मान खाली घालतात आणि आणखी कौतुक होईल म्हणून थोडा वेळ तशीच ठेवतात. पण ज्यांनी ती दोन वर्षं जवळून पाहिली, ती जुन्या इमारतीतली माणसं कमाल वगैरे म्हणत नाहीत. ती आधी हसतात. मग म्हणतात, "तो दिवा आठवतो का हो?" आणि त्यानंतर चहा पुन्हा टाकावा लागतो.

काकांना सगळी इमारत पॉइंटकाका म्हणायची. सभा संपून, आभार मानून झाले आणि लोक आपापल्या चपला शोधायला लागले की काकांचा हात वर जायचा. "एक पॉइंट राहिला." पाणीखात्यात ते तक्रारींना उत्तरं लिहिण्याच्या टेबलावर होते. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा काकू डोकं दुखतंय म्हणाल्या तेव्हा तेच त्यांच्या तोंडून निघालं. काकूंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. त्याचीही काकांनी नोंद घेतली.

काकू दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसायच्या. नंबर लावायचा, नाव पुकारायचं, एवढंच काम. पण दात दुखणाऱ्या माणसाचं एक असतं. आत डॉक्टरांसमोर तोंड उघडायला तो घाबरतो आणि बाहेर काकूंसमोर मात्र त्याचं तोंड मिटत नाही. सुजलेल्या गालाला रुमाल लावून माणसं त्यांना सासूपासून साहेबापर्यंत सगळं सांगत. डॉक्टर म्हणायचे, "निम्मं दुखणं तुम्ही बाहेरच काढता. माझ्या वाट्याला नुसता दात येतो." समुपदेशनाचा एम.ए. संध्याकाळच्या वर्गात सुरू झाल्याची जाहिरात त्यांनीच कापून काकूंच्या टेबलावर ठेवली.

मुलीला नुकतीच दूरच्या शहरात नोकरी लागली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, तेवढा वेळ घरात तिघं असल्यासारखं वाटायचं. बाकी दिवस भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर बोलणारं कुणी नव्हतं. म्हणजे काका बोलत होतेच, पण ते वर्तमानपत्राशी.

काकूंनी ती जाहिरात त्यांच्यासमोर ठेवली.

"समुपदेशन? म्हणजे लोकांना सल्ले द्यायचे?" काका म्हणाले. "त्याला एम.ए. कशाला? मी फुकट देतो."

"सल्ले द्यायचे नसतात त्यात. ऐकायचं असतं."

"नुसतं ऐकायला दोन वर्षं लागतात?"

"काहींना जास्त लागतील," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

हे काकांना लागलं. तरुणपणी त्यांनी अर्थशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं होतं आणि नोकरीचा हुकूम आला म्हणून अर्ध्यातच काढलं होतं. ती पुस्तकं माळ्यावर होती. दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर विद्यापीठात जाऊन त्यांनी अर्ज आणला. साध्या अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. सार्वजनिक अर्थशास्त्राच्या भरपूर रिकाम्या होत्या. का रिकाम्या होत्या हे त्यांनी विचारलं नाही. सार्वजनिक म्हणजे रस्ते, नळ, दिवे, कर. म्हणजे आपलंच खातं, असं त्यांनी घरी जाहीर केलं.

इमारतीत ही बातमी एकाच संध्याकाळी तळापासून गच्चीपर्यंत पोचली. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर काठी टेकत मुद्दाम तीन मजले चढून आले. "या वयात लक्षात राहत नाही, तेव्हा पाठांतराशिवाय तरणोपाय नाही," असं त्यांनी सांगितलं, आणि हेच वाक्य जाताना दारात पुन्हा सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या ताई काळजीने म्हणाल्या, "काका, परीक्षेत काही भलतंसलतं करू नका हं. तुमच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं." सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवून इमारतीचा हिशेब आता फुकटात तपासून मिळणार याबद्दल समाधान व्यक्त केलं. मुलगी फोनवर इतकी हसली की काकांनी रिसीव्हर काकूंच्या हातात दिला.

प्रवेशाची रांग हा वेगळाच अध्याय होता. खिडकीमागच्या बाईंनी काकांचे कागद उलटेसुलटे केले.

"पदवी आणि हा अर्ज, यात खंड आहे."

"खंड?"

"गॅप. मधली वर्षं काय करत होतात?"

"नोकरी. लग्न. एक मुलगी."

"ते नको. मधल्या काळात तुम्ही दुसरीकडे कुठे काही शिकलेला नाहीत, याचा दाखला लागेल."

काका पेचात पडले. मी काही शिकलो नाही, याचा दाखला माणसाने आणायचा कुठून? मागे उभ्या असलेल्या काकू पुढे झाल्या. "मी देते," त्या म्हणाल्या. "कुठे सही करू?"

खिडकीतल्या बाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या असाव्यात. काका हसले नाहीत.

मग काकूंची पाळी आली. त्यांची पदवी माहेरच्या नावाची. बाईंनी जुन्या ओळखपत्रावरचा फोटो वर धरला. त्यात दोन वेण्यांची, हनुवटी पुढे काढून कॅमेऱ्याकडे बघणारी एक मुलगी होती.

"ही कोण?"

"मीच."

"वेगळी दिसते."

"तेव्हा वेगळीच होते मी."

काकांनी तो फोटो पूर्वी पाहिलाच नव्हता. बायकोच्या बाजूने दोन खणखणीत पॉइंट त्यांनी तयार ठेवले होते, पण फोटोकडे बघता बघता ते मांडायचे राहून गेले. शेवटी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र आणावं लागलं. ती मुलगी आणि काकू हे माणूस एकच आहे असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून काकांची सही होती.

जेवणाचं टेबल एकच. त्याच्या खिडकीकडच्या बाजूला काकू, दाराकडच्या बाजूला काका आणि मधे मिठाची बरणी ही सरहद्द. पहिल्याच महिन्यात काकूंना घरी ऐकण्याचा सराव करायला सांगितलं गेलं. समोरचा बोलेल त्यात आपलं काही घालायचं नाही, फक्त त्याचंच म्हणणं त्याला परत दाखवायचं.

"चहा गार झालाय," काका म्हणाले.

"चहा गार झालाय असं तुम्हाला वाटतंय."

"वाटत नाहीये. झालाय."

"आणि त्याचा तुम्हाला त्रास होतोय."

"अगं, त्रास कसला? गरम करून दे!"

"तुम्हाला राग आल्यासारखं दिसतंय."

काकांनी उठून स्वतः चहा गरम केला. लग्नानंतर पहिल्यांदाच. काकूंनी हा अनुभव वर्गात सांगितला तेव्हा म्हणे टाळ्या पडल्या.

काकांच्या वर्गाचंही बरं चाललं होतं. शिकवणाऱ्या मॅडम जवळजवळ त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. पहिल्या दिवशी काका वर्गात शिरले तेव्हा त्यांना प्राध्यापक समजून सगळी मुलं उभी राहिली, आणि काकांनी हाताने "बसा बसा" केलं, हे त्यांना पुढे दोन वर्षं ऐकावं लागलं. पण विषय मात्र त्यांना मनापासून आवडला. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही आणि वर्गणी न देणाऱ्यालाही जिचा लाभ अडवता येत नाही, ती सार्वजनिक वस्तू. मग प्रत्येक जण दुसरा देईल म्हणून वाट बघतो आणि वस्तू होतच नाही. अशा माणसाला शास्त्रात फुकट्या म्हणतात, हे कळल्यावर काका हरखून गेले. ज्या माणसांशी आपण आयुष्यभर पत्रव्यवहार केला त्यांच्यावर मोठमोठ्या लोकांनी जाडजूड ग्रंथ लिहून ठेवलेत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं!

दुसऱ्या वर्षी दोघांनाही प्रत्यक्ष काम करायचं होतं आणि तिथेच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

काकूंना खऱ्या माणसांबरोबर ठरावीक तास बसायचं होतं. इमारतीत कुजबुज झाली आणि संध्याकाळी एकेक जण येऊ लागला. बैठकीची खोली एकच, त्यामुळे काकांना जिन्यात जावं लागलं. कोण येतं, कशासाठी येतं हे काकू सांगायला तयार नव्हत्या.

"मला सांगायला काय हरकत आहे? मी काय परका आहे?"

"नियम आहे. आणि जिन्यात कुणी भेटलं तर ओळख दाखवायची नाही. बघायचंही नाही."

जिन्यात तसंही काही दिसत नव्हतं. तिथला दिवा कधी काळी गेला होता आणि दुसरा कुणीतरी बदलेल म्हणून कुणीच बदलला नव्हता. काका पायरीवर उशी टाकून, बॅटरीच्या उजेडात कराचा बोजा शेवटी कोणावर पडतो ते वाचत बसत. पाऊल वाजलं की बॅटरी विझवायची आणि भिंतीकडे तोंड करायचं. अंधारात येणारा माणूस हमखास त्यांच्यावर अडखळायचा.

"अरे! कोण, काका का?"

"नाही," काका म्हणायचे.

गुप्तता दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळली जात होती.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. खाली उतरणारं माणूस जाताना क्षणभर थांबायचं, आणि अंधारातसुद्धा आपल्याकडे दयेने बघितलं जातंय असं काकांना जाणवायचं. एकदा तर कुणीतरी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. आत आपल्याबद्दलच बोलणं चालतं अशी त्यांची खात्री झाली. विचारलं तर काकू म्हणायच्या, "तुमच्याबद्दल बोलत असतील अशी तुम्हाला शंका येतेय."

अशाच एका संध्याकाळी, कुणाचं तरी टाचेचं पाऊल करंगळीवर पडल्यावर, काकांना प्रबंधाचा विषय सुचला. जिन्यातला दिवा! याहून शुद्ध सार्वजनिक वस्तू कुठे मिळणार? मॅडमही खूश झाल्या. "घरोघर जा आणि विचारा, दिवा लागला तर त्यांना त्याचं किती मोल वाटेल. पण नुसतं अभ्यासासाठी आहे असं स्पष्ट सांगा."

काकांनी स्पष्ट सांगितलं. नुसतं अभ्यासासाठी आहे म्हटल्यावर माणसं किती उदार होतात हे त्यांनी प्रथमच पाहिलं. हेडमास्तर डोळे मिटून म्हणाले, "उजेड अमूल्य आहे. तसंच लिहा, अमूल्य." ताई म्हणाल्या, "माझ्यासाठी तर सोन्यासारखा." पहिल्या मजल्यावरच्या ड्रायव्हरने विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांपेक्षा जास्त सांगतो म्हणाला. अमूल्यपेक्षा जास्त काय असतं यावर दोघांनी बराच खल केला.

काका हे सगळं घेऊन भारावून सेक्रेटरींकडे गेले. नुसतं दाखवायला. सेक्रेटरी वाचत गेले तसा त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"लोकांची इतकी तळमळ आहे आणि मला कुणी बोललं नाही?"

त्यांच्या मेहुण्याचं दिव्यांचं दुकान होतं. हे काकांना माहीत होतं, पण सार्वजनिक अर्थशास्त्रात मेहुण्यावर प्रकरण नव्हतं, त्यामुळे ते बेसावध राहिले. दोन दिवसांनी माणसं आली आणि जिन्याच्या मधल्या पोकळीत, गच्चीपासून साखळीने लोंबकळत, त्यांनी एक दिवा बसवला. तो मुळात खेळाच्या मैदानासाठी बनवलेला होता.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग डोळे झाकले. जिन्यातली धूळ, कोळिष्टकं, कोपऱ्यातल्या खरकट्या कपबश्या, एवढंच काय, माणसांच्या चेहऱ्यावरचे पुटकुळ्यांचे व्रणही लख्ख दिसू लागले. गच्चीवरच्या कबुतरांनी झोपण्याचा नाद सोडून दिला. हेडमास्तरांच्या दाराला वरती काच होती. त्यांच्या अंथरुणावर दुपार पसरली.

वर्गणीचा विषय निघाला तेव्हा तर काय विचारता!

"मी तुमच्या परीक्षेसाठी बोललो होतो," हेडमास्तर म्हणाले. "प्रश्नपत्रिकेतलं उत्तर आणि वर्गणी यात काही फरक आहे की नाही?"

"पण आपण अमूल्य म्हणाला होतात."

"मग? अमूल्य वस्तूला किंमत लावायला कसे येता?"

सेक्रेटरी काकांवर चिडले, मेहुणा सेक्रेटरींवर चिडला, ताई काकांशी बोलेनाशा झाल्या. काकांना अपमान वाटत होता, नाही असं नाही. पण आतून त्यांना गुदगुल्याही होत होत्या. सगळं पुस्तकाबरहुकूम घडत होतं. दिवसा बोलणी खाऊन यायची आणि संध्याकाळी ती प्रबंधात उतरवायची, असा त्यांचा क्रम बसला. शिवाय आणखी एक सुख होतं. त्यांना त्यांची बैठकीची खोली परत मिळाली होती. संध्याकाळी आता कुणी येत नव्हतं. काका आपल्या खुर्चीत पाय पसरून लिहीत आणि काकू खिडकीत उभ्या राहत. उभ्या का राहतात, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते फोनमुळे. काकू आपल्या मार्गदर्शक बाईंशी बोलत होत्या. "नाही, तास पूर्ण होणार नाहीत... हो, वर्ष जाईल, मला कल्पना आहे... नाही हो, दुसरीकडून कुठून आणू माणसं?" त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि ओट्याकडे जाऊन कोरडीच भांडी पुसायला लागल्या.

"वर्ष जाईल म्हणजे?" काका दारात येऊन म्हणाले. "लोक येईनात का? सगळ्यांची दुखणी एकदम बरी झाली की काय?"

"उजेडात कोण येईल?"

"म्हणजे?"

काकूंनी फडकं खाली ठेवलं. "अहो, माणूस आपलं दुःख घेऊन शेजारच्या दारात जातो, ते कुणी बघू नये असंच त्याला वाटतं ना? पूर्वी जिना अंधारा होता. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाला कळत नव्हतं. आता खालपासून वरपर्यंत सगळं दिसतं. परवा एक जण दाराशी आलं, हात वर केला बेल दाबायला, आणि वरून कुणी खोकलं तशी परत गेलं. मी आतून बघितलं." त्या थांबल्या. "त्या माणसाला यायची फार गरज होती."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमचा प्रबंध इतका छान चालला होता."

त्या टोचून बोलल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. पण त्या खरंच तसं म्हणत होत्या. काकांनी खुर्चीवर बसून पुस्तक उघडलं. एकाच्या सोयीचा दुसऱ्याला होणारा उपद्रव, यावर अख्खं प्रकरण होतं. परीक्षेला येणार नाही असं मुलं म्हणाली म्हणून त्यांनी ते गाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, लोक घरोघर चहापाण्यात असताना, काका स्टूल घेऊन तळमजल्यावर उतरले. फ्यूजची पेटी हेडमास्तरांच्या दाराशेजारी होती. काकांनी स्टुलावर चढून पेटीला हात घातला तेवढ्यात हेडमास्तरांचं दार उघडलं. त्यांच्या हातात एक घोंगडी आणि लांब काठी होती.

"तुम्ही?" काका म्हणाले.

"तुम्ही?" हेडमास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मी त्यावर घोंगडी टाकणार होतो. पण तुमचा मार्ग शास्त्रशुद्ध दिसतो. ओढा."

काकांनी ओढलं. सगळा जिना काळोखात बुडाला, वर कबुतरांनी आनंदाने पंख फडफडवले, आणि त्याच क्षणी बाहेरून सेक्रेटरी आत आले. त्यांच्याकडे बॅटरी होती. तिच्या झोतात काका स्टुलावर उभे, हातात फ्यूज.

"मी यांना अडवतच होतो," हेडमास्तर म्हणाले.

रविवारी सभा बोलावली गेली. फळ्यावर विषय होता, 'सार्वजनिक दिव्याची नासधूस'. सतरंजीवर सगळी इमारत बसली. त्यात भरीस भर म्हणून, प्रत्यक्ष कामाची जागा बघायला काकांनी मॅडमना कधीपासून बोलावलं होतं, त्या नेमक्या त्याच दिवशी आल्या आणि मागे काकूंच्या शेजारी वही उघडून बसल्या. आपल्या प्राध्यापिकेसमोर चोर म्हणून उभं राहणारा इतिहासातला हा पहिला विद्यार्थी नसेल, पण नोकरीतली इतकी वर्षं निष्कलंक घालवलेला बहुधा पहिलाच असावा.

"दिव्यासाठी घरोघर तुम्ही फिरलात," सेक्रेटरी म्हणाले. "आणि फ्यूजही तुम्हीच काढलात. का? कारण सांगा, विषय संपला."

काका उठले. कारण त्यांच्याकडे होतं, आणि ते बिनतोड होतं. एका वाक्यात सगळी सभा गार झाली असती. त्यांनी समोर पाहिलं. कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा उगाच फिरवत होतं. कुणी सतरंजीचा दोरा ओढत होतं. कोण कोण येत होतं हे काकांना आजही माहीत नव्हतं. पण सभेतल्या बऱ्याच जणांचे श्वास अडकले आहेत आणि ते आपल्या तोंडाकडे बघताहेत, हे त्यांना स्पष्ट दिसलं. मागे काकू मान खाली घालून बसल्या होत्या.

"काही नाही," काका म्हणाले. "चुकलं माझं." आणि खाली बसले.

हेडमास्तरांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाले? मला नीट ऐकू आलं नाही बहुतेक." काका बोलायची संधी असून बसले, असं त्या इमारतीत पूर्वी घडलं नव्हतं. सेक्रेटरी दंडाचं बोलणार होते ते विसरून गेले.

मग ताई म्हणाल्या, "मला तर तो दिवा नकोच होता."

"तुम्ही सोन्यासारखा म्हणाला होतात!"

"सोन्यासारखाच आहे. सगळे कपडे पिवळे दिसतात. गिऱ्हाइकं भांडतात."

"माझेही डोळे दिपतात," ड्रायव्हर भिंतीकडे बघत म्हणाला. "दिवसभर समोरच्या गाड्यांचे दिवे, आणि घरी आलं की हा."

"कबुतरं," आणखी कुणीतरी म्हणालं. कबुतरांचं काय, ते सांगितलं नाही.

सेक्रेटरींनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. ते आता मेहुण्याचा कैवार घेणार असं वाटत होतं. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, आणि कुणाच्याही नजरेला नजर न देता म्हणाले, "तसा दिवा... जरा मोठाच झालाय."

काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. बघायचं नाही, असा नियम होता.

ठराव झाला. तो दिवा मेहुण्याकडे परत. प्रत्येकाने आपल्या दारापुरता एक मिणमिणता बल्ब लावावा, आणि तो कधी लावायचा, कधी विझवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. हेडमास्तरांनी ठरावाला अनुमोदन देताना अंधाराचे फायदे सांगितले.

मॅडम जिन्यापर्यंत काकांबरोबर आल्या. "सर्वेक्षणात लोक एक बोलले आणि सभेत बरोबर उलट. याचं कारण सापडलं तर तुमचा प्रबंध पहिल्या वर्गात जाईल. काय कारण असेल?"

"माहीत नाही," काका म्हणाले.

"माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"माहीत नाही असं लिहितो, मॅडम."

मॅडमनी वही मिटली आणि वाकून नमस्कार करतात तशी मान झुकवून त्या गेल्या.

त्या आठवड्यापासून संध्याकाळी पुन्हा बेल वाजू लागली. तिसऱ्या मजल्यावरचा बल्ब बहुतेक विझलेलाच असायचा. आता येणारी माणसं काकांवर अडखळल्यावर "सॉरी, कुणी असाल ते," असं म्हणायची, आणि एकदा त्यांच्या उशीशेजारी कुणीतरी गरम चहाचा थर्मास ठेवून गेलं. काकूंचे तास भरले. निकाल लागला तेव्हा दोघं बरोबरच विद्यापीठात गेले. काकांनी आधी काकूंचा क्रमांक शोधला. पहिला वर्ग. काकांचा दुसरा, आणि प्रबंधावर परीक्षकांचा शेरा होता, 'निष्कर्ष अपुरा.' तो शेरा काकांनी कितीतरी जणांना वाचून दाखवला. माणूस आपलं पदक दाखवतो तसा.

परतताना ते चालत आले. मुलीचा फोन येऊन गेला, शेजारी येऊन गेले, आणि संध्याकाळ झाली तेव्हा दोघंच उरले. टेबल रिकामं होतं. वाचायला काही नव्हतं, कुणी यायचं नव्हतं आणि काकांना उठून बाहेर जायचंही नव्हतं. इतक्या महिन्यांनी बैठकीच्या खोलीत समोरासमोर बसल्यावर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

"एक विचारू?" काका म्हणाले. "तुला ऐकण्यासाठी एम.ए. कशाला हवं होतं? ते तर तुला आधीपासून येत होतं. दवाखान्यात सगळे तुझ्यापाशीच तर बोलायचे."



"ऐकायला शिकायला नव्हतेच गेले मी," त्या म्हणाल्या. "पोरगी गेली, घर शांत झालं. मला वाटायचं, कितीतरी सांगण्यासारखं आहे माझ्याजवळ. पण सुरुवात कशी करायची तेच कळेना. ती सगळी माणसं माझ्यापाशी येऊन इतक्या सहज कशी बोलतात, हे मला शिकायचं होतं."

काकांच्या डोक्यात दोन-तीन उत्तरं तयार होती. ती त्यांनी तशीच राहू दिली. खुर्ची ओढून त्यांनी काकूंच्या जवळ घेतली.

"मग सांग ना," ते म्हणाले.

काकू आधी नुसत्याच हसल्या. मग त्यांनी सुरुवात केली, अगदी लहानपणच्या कुठल्यातरी गोष्टीपासून, काकांनी कधीच न ऐकलेल्या. दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली. दोघांनाही ती ऐकू आली होती, पण उठलं कुणीच नाही.